मूळ प्रत मोजायची नाही

"हा मेला वजा एक कशाला मधे तडमडलाय," शेजारची बसवाली पुटपुटली. सरांना नाही, फळ्याला नाही, स्वतःच्या वहीलाच म्हणाली. पण बाक मुलांच्या मापाचा, त्यावर आम्ही दोघी भरल्या अंगाच्या बायका कोपराला कोपर लावून बसलेल्या, तेव्हा तिचं पुटपुटणं थेट माझ्या कानात. ती शहरात बस चालवते. दिवसभर वळणं घेऊन संध्याकाळी सहाला वर्गात येते आणि वही अशी दोन्ही हातांनी धरते, की जरा सैल सोडली तर फुटपाथवर चढेल. आम्ही सगळे असेच. कुणाची शाळा लहानपणी सुटली, कुणाची सोडवली गेली. आता केस पिकायला लागल्यावर बाहेरून शाळेची शेवटची परीक्षा द्यायची म्हणून आठवड्यातून तीन संध्याकाळी या वर्गात गुडघे बाकाखाली कोंबून बसतो. सरांनी फळ्यावर तीन, सहा, बारा, चोवीस असे आकडे लिहिले, पुढे तीन टिंबं दिली आणि सूत्र लिहून खडू झटकला. "भूमिती श्रेढी. पहिलं पद ए, गुणोत्तर आर. दहावं पद काढा. एकेक करत रांगत जाऊ नका, सामान्य पद काढा, म्हणजे दहावं काय आणि शंभरावं काय, जागेवर बसून मिळेल." बसवालीला सूत्रातला वजा एक खुपला. मला सूत्र दिसलंच नाही. मी त्या चार आकड्यांपाशीच अडकले, कारण ते माझे होते. दुकानातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने टिंबं करून मी ते सात महिने सांभाळले होते, आणि हा माणूस ते सगळ्या वर्गासमोर खडूने लिहून मोकळा झाला.

मुलगी घर सोडून गेली, त्यानंतर तिसऱ्या दिवशी तिचा पहिला फोन आला. दुसरा त्यानंतर सहा दिवसांनी. मग बारा. मग चोवीस. खरं तर बारा नव्हे, तेरा. आणि चोवीस नव्हे, तेवीस. पण एक दिवस इकडचा तिकडे ढकलला की ते इतकं नेटकं दिसत होतं, की मी ढकलला. मग अठ्ठेचाळीस. मग शहाण्णव. त्या सहाव्या फोनलाही आता महिना उलटून गेला होता. कॅलेंडरवरच्या टिंबांमधलं अंतर वाढतंय हे मला दिसत होतं, कुणालाही दिसलं असतं. पण त्याला काही नियम असेल, सूत्र असेल, पुस्तकात त्यावर आख्खा धडा असेल, असं वाटलं नव्हतं. मी आपली समजत होते, की कामात असेल. नव्या शहरात नवी नोकरी, माणूस विसरतो. पण विसरणारं माणूस कसंही विसरतं. ते असं मोजून, दर वेळी बरोबर दुप्पट विसरत नाही.

मी घाईघाईने दहावं पद काढलं. तीनला दोनाने दहादा गुणलं. तीन हजार बाहत्तर. सर बाकांमधून फिरत आले, माझ्या वहीत डोकावले. "दुप्पट आलंय तुमचं. परत करा." मी परत केलं. परत तीन हजार बाहत्तर. "अहो, सूत्र बघा. एन वजा एक. दहाव्या पदाला घात नऊ." मी म्हटलं, "पण दहावं आहे ना? मग दहा वेळा नको का गुणायला?" सर चांगला माणूस आहे, ओरडत नाही, फक्त बोलताना डोळे मिटून घेतो, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट. डोळे मिटून म्हणाले, "पहिल्या पदाला कोणी गुणलेलं नसतं. पहिलं पद दिलेलं असतं." "कुणी दिलेलं?" मी विचारलं. वर्ग हसला. मी विनोद केला नव्हता. बसवाली कुजबुजली, "ताई, मी असं बसवते डोक्यात. पहिल्या थांब्यावर गाडी आधीच उभी असते. तिथवर चालवावी लागत नाही. दहाव्या थांब्याला जायचं तर नऊ टप्पे." तिचं तिला उमगलं होतं, तिच्या वहीत पंधराशे छत्तीस आलं होतं, आणि तिने ते माझ्याकडे जरा सरकवून ठेवलं, बघायचं असेल तर बघ, अशा बेताने. मी बघितलं नाही. मला राग आला होता. तिचा नाही, सरांचाही नाही; त्या नऊचा.

बावन्न वर्षांची बाई नवाच्या आकड्यावर रागावते म्हणजे कमालच म्हणायची. पण माझी चूक मला कळत का नव्हती, ते मला आता कळतं. आमचं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान. लग्न होऊन आले तेव्हा नवऱ्याने मशीनपाशी उभं करून पहिली गोष्ट शिकवली ती ही, की मूळ प्रत मोजायची नाही. गिऱ्हाईक एक कागद देतं आणि दहा प्रती मागतं. आपण त्याच्या हातात अकरा कागद ठेवतो, पण मोजायचे दहाच. मूळ त्याचं, ते आपण केलेलं नाही, ते हिशेबात नाही. सत्तावीस वर्षं मी अशीच मोजत आले. पहिली म्हणजे मशीन एकदा फिरलं, दहावी म्हणजे दहादा. बाकी मला पुष्कळ येतं. मोठं पान सत्तर टक्क्यांवर टाकलं की निम्म्या आकाराचं होऊन येतं, ते परत सत्तरवर टाकलं की त्याच्या निम्मं, आणि असं आठनऊदा केलं की भिंतीएवढा नकाशा काडेपेटीवर मावतो, हे मला कुठल्याही सरांनी शिकवलेलं नाही. प्रतीची प्रत काढत गेलं की अक्षरं कशी आधी कडेला झिजतात, मग पोटात, हे मी डोळे मिटून सांगेन. हे लेकीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "आई, तू जे करतेस ना त्याला भूमिती श्रेढी म्हणतात. तू गणितातच काम करतेस, तुला फक्त कुणी सांगितलेलं नाही." तिनेच या वर्गाचा फॉर्म आणला, तिनेच भरला. शिक्षण या रकान्यात तिने पेन थांबवून माझ्याकडे बघितलं होतं, आणि मी म्हटलं होतं, लिही, आठवी नापास, त्यात काय लाजायचं. तेव्हा आमच्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

वर्ग सुटल्यावर मी चालत निघाले. तिन्हीसांजेची वेळ, रस्त्यावर दिवे लागत होते, दुकानांची शटरं अर्धी उघडी. लोक फळांच्या गाडीवर फळं दाबून बघत होते. डोक्यात एकच. पुढचा फोन एकशे ब्याण्णव दिवसांनी. त्यापुढचा तीनशे चौऱ्याऐंशी, म्हणजे वर्षाच्या वर. मग सातशे अडुसष्ट. एकेक करत रांगत जाऊ नका, सर म्हणाले होते. पण सूत्र वापरलं की मला दुप्पट येत होतं, तेव्हा रांगणं भाग होतं. रांगत गेले तर दहावं पद पंधराशे छत्तीसच आलं. बसवाली बरोबर, सर बरोबर, पुस्तक बरोबर. चार वर्षं आणि वर अडीच महिने, एका फोनपासून दुसऱ्या फोनपर्यंत. मग फुटपाथवरच मला सुचलं, की दहाव्या फोनपर्यंत पोचायचं तर आधीची नऊ अंतरंही जगावी लागणार. ती काही कुणी माफ करणार नाही. औषधाच्या दुकानाच्या पायरीवर टेकून मी पावतीच्या पाठीवर सगळी बेरीज केली. तीन हजार एकोणसत्तर. आठ वर्षं आणि पाच महिने. मी साठी ओलांडलेली असेन आणि हे सत्तरीला टेकलेले. माझं चुकलेलं उत्तर तीन हजार बाहत्तर होतं. म्हणजे मी चुकून जे काढलं होतं ते अगदीच चुकीचं नव्हतं. फक्त तीन दिवसांनी चुकलं होतं. पायरीवर बसून मी त्या तीनकडे बघत राहिले. सगळं दुप्पट होत जातं, ढीग होतो, वर्षं होतात, आणि शेवटी वजाबाकी केली की हातात तेच सुरुवातीचे तीन दिवस उरतात. दुकानदार आतून म्हणाला, "बाई, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "नाही हो, गणित आहे." त्याने मान हलवली, जणू त्यावर त्याच्याकडे गोळी नव्हती.

त्या तीन दिवसांत फोन माझ्या हातात होता. हेच ते. ती गेली त्या दुपारपासून मी तो घेऊन फिरत होते, स्वयंपाकघरात, मोरीत, दुकानात. लावला नाही. चौथ्या सकाळपर्यंत थांबायची वेळच आली नाही, तिसऱ्या संध्याकाळी तिनेच लावला. "आई, बाबांचा हात कसा आहे?" "ठीक आहे." "तू?" "ठीक." "क्लासला जातेस ना?" "जाते." मग ती म्हणाली, "बरं." आणि त्या "बरं"नंतर ती थांबली. फोनमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता. ती जागा करून देत होती, बसमध्ये एखादं माणूस अंग चोरून शेजारी जागा करतं तशी. मी म्हटलं, "ठेवू का, गिऱ्हाईक आलंय." दुकानात कुणी नव्हतं. दुसऱ्या फोनलाही हात कसा आहे, ठीक, तू, ठीक, बरं, गिऱ्हाईक आलंय. तिसऱ्यालाही. सहाही वेळा मी शब्दाचाही फरक केला नाही. सर म्हणतात, गुणोत्तर कायम असतं, तेच तर श्रेढीचं लक्षण. दर पावलाला तेच एक करायचं. मला वाटत होतं, दुप्पट ती करतेय.

आणि हात. ह्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची वरची पेरं कटिंग मशीनखाली गेली. मशीन जुनं, त्याला दोन बटणं. एकदम दोन्ही दाबली तरच पातं खाली येतं, म्हणजे चालवणाऱ्याचे दोन्ही हात बटणांवर अडकलेले राहावेत. पण कागदाचा गठ्ठा शेवटपर्यंत सारखा करायचा तर एक हात मोकळा लागतो, म्हणून आमच्याकडे एका बटणात पुठ्ठ्याची घडी खोचून ठेवलेली असे. कधीपासून, ते आठवतही नाही. पुठ्ठा मळला की आम्ही नवा खोचायचो. निगुतीने, दिव्याची वात बदलावी तसा. एक जण गठ्ठा सारखा करणार, दुसरा बटण दाबणार. त्या दिवशी हे गठ्ठ्यावर होते आणि पोरगी मशीनपाशी उभी होती. मशीनला लागूनच काउंटर, तिथे एक बाई दहा मिनिटं ताटकळत होती, तिचे प्रबंधाचे पाच गठ्ठे व्हायचे होते, तिने घड्याळ बघितलं, मी तिला बघताना बघितलं. पुढचं सगळं मला नीट आठवतं आणि तरी ते प्रतीच्या प्रतीसारखं कडेने झिजलेलं आहे. पातं आलं त्याचा आवाज मात्र नेहमीचाच होता. हे मला अजून सहन होत नाही, की आवाज नेहमीचाच होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, मशीनवर कोण होतं. मी म्हटलं, "मुलगी उभी होती मशीनपाशी." यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी तो पुष्कळदा उलटापालटा करून बघितलाय, खोटं कुठे सापडत नाही. ती तिथेच होती, भिंतीला टेकून, हाताला रक्त लागलेलं. तिने माझ्याकडे बघितलं. फॉर्म भरताना पेन थांबवून बघितलं होतं, तसंच, की काय लिहू. आणि ती काही बोलली नाही. संध्याकाळपर्यंत नणंद आली आणि म्हणाली, "आजकालच्या पोरी, लक्ष सगळं फोनमध्ये. बापाचा हात गेला, आता बसा." तेव्हाही ती बोलली नाही आणि मी नणंदेला चहा केला. हे घरी आले त्या दिवशी तिने बॅग भरली. मी म्हटलं, "कशाला जातेस." प्रश्नासारखं म्हटलं नाही, नुसतंच म्हटलं. ती म्हणाली, "इथे सगळे माझ्या हातांकडे बघतात, आई." यावर आईने काहीतरी म्हणायला हवं होतं. तीन दिवस मी काय म्हणायला हवं होतं ते ठरवत होते. दोनशेहून जास्त दिवस झाले, अजून ठरवतेच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गर्दी नव्हती. हे स्टुलावर बसून स्पायरल ओवत होते. आता त्यांना वेळ लागतो. तार अंगठ्याने आणि करंगळीशेजारच्या बोटाने धरतात, मधली दोन आखूड बोटं वर उचललेली राहतात, चहाचा कप नजाकतीने धरणाऱ्या माणसासारखी. मदत केलेली चालत नाही. मी खराब निघालेल्या कागदाच्या पाठीवर पुन्हा ते गणित मांडलं, पुन्हा सूत्राने केलं, पुन्हा तीन हजार बाहत्तर आलं, आणि मी कागद चुरगळून टाकला. आजवर चारदा केलं होतं. हे म्हणाले, "काय गं, परीक्षा माझ्या कागदांची चाललीय की तुझी?"

"अहो, दुप्पट येतंय. काही केल्या दुप्पटच येतंय. मला कळतंय पंधराशे छत्तीस आहे, रांगत गेले तर तेच येतं, पण सूत्राने गेलं की हात आपोआप दहा लिहितो."

"दाखव."

मी चुरगळलेला कागद उलगडून दिला. त्यांनी तो मांडीवर सपाट केला, आखूड बोटांनीच. गणिताचं त्यांना माझ्याइतकंच येतं, पण कागदाचं त्यांना जास्त कळतं. जरा वेळ बघून म्हणाले, "हे दहावं म्हणजे, दहा कागद झालेत, असं ना?"

"हो."

"मग मशीन किती वेळा फिरलं?"

"दहा."

"कसं काय? दहा कागद हातात आहेत, त्यातला पहिला गिऱ्हाइकाने आणलाय. तो मशीनमधून आलेलाच नाही. नऊदा फिरलं." त्यांनी तार खाली ठेवली. "तू मूळ धरलंच नाहीस."

"तुम्हीच शिकवलंत. मूळ मोजायचं नाही."

"दुकानात नाही मोजायचं," ते म्हणाले. "इथे मोजावं लागतंय, दिसतंच आहे."

इतकं सोपं होतं. मला हसू यायला हवं होतं. सत्तावीस वर्षं एक गोष्ट बरोबर केली म्हणून दुसरी चुकत होती. मी पेन घेतलं आणि दहा खोडून नऊ लिहिलं, आणि उत्तर एकदाचं बरोबर आलं. हे अजून कागदाकडेच बघत होते. तीन, सहा, बारा, चोवीस. मग त्यांनी मान वर करून कॅलेंडरकडे बघितलं, आणि महिने उलटे चाळावेत तसे त्यांचे डोळे भिंतीवरून मागे गेले.

"हे तिचे फोन आहेत," ते म्हणाले.

मी पेनाला टोपण लावलं.

"मला वाटलं, मी एकटाच मोजतोय. बारा नव्हते पण. तेरा होते."

"माहितीये. मी एक दिवस सरकवला."

"का?"

"गणित बसावं म्हणून."

ते हसले, नाकातल्या नाकात. मग स्टुलावरून उठले, कटिंग मशीनपाशी गेले. दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी बटणातला पुठ्ठा काढून टाकला होता, तेव्हापासून कापायचं काम आम्ही शेजारच्या गल्लीत देतो, मशीनवर नुसती रद्दी साठते. ते रद्दी उगाच सारखी करत राहिले. पाठमोरे होते. मला वाटलं, आता विषय बदलतील. आमच्या घरात विषय बदलायला कुणी शिकवावं लागत नाही. पंखा फिरत होता, स्पायरल झालेल्या वहीची वरची पानं उडत होती. बाहेरून कुणी यावं, एखादी तरी प्रत मागावी, असं मला इतकं मनापासून कधी वाटलं नव्हतं. कुणी आलं नाही.

"पुढचा कधी?" त्यांनी तिकडूनच विचारलं.

"एकशे ब्याण्णव दिवसांनी. त्यातले चौतीस गेले."

"आणि आपण लावला तर?"

"तर श्रेढी मोडते," मी म्हटलं. मला हलकं बोलायचं होतं, ते जमलं नाही.

"मग लाव."

"काय सांगू लावून? हात कसा आहे विचारेल. ठीक म्हणेन. ती बरं म्हणेल." माझा आवाज चढला, कारण नसताना. "दर वेळी तेच होतं. मी काय नवीन सांगू तिला, सूत्र सांगू?"

ते वळले. काउंटरवरचा माझा फोन त्यांनी उचलला, डाव्या हातानेच, अंगठ्याने तिचा नंबर शोधला, त्याला नेहमीसारखाच वेळ लागला आणि नेहमीसारखीच मी मदत केली नाही. वाजायला लागल्यावर त्यांनी तो माझ्या हातात दिला. एकदा वाजला, दोनदा वाजला. तिसऱ्यांदा वाजताना ते म्हणाले, गिऱ्हाइकाला पानं किती झाली ते सांगावं तितक्याच आवाजात:

"सांग, की बटण तू दाबलंस. ती नुसती उभी होती. आणि हेही सांग, की मी बघत होतो."